तीन ऑपरेटिंग सिस्टिम, एक लायब्ररी: सिस्टिम कॉलचे रॅपर लिहिताना आधी हमी ठरवा

वेर्णा इथल्या एका छोट्या गटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या दिवाडी आणि चोडण बेटांच्या खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनी), मानशींजवळ (पाणी आत-बाहेर सोडणारे दरवाजे), पाण्याची पातळी व खारटपणा नोंदवणारे लॉगर बसवले आहेत. लॉगरमध्ये ३२ बिट एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि सेन्सर आरएस-४८५ या सिरियल जोडणीवर जोडलेले. हा डेटा ऑफिसातल्या विंडोज पीसीवर उतरतो. कोड लिहिला जातो मॅकवर. तिन्हीकडे चालावी म्हणून सी भाषेत एक लायब्ररी लिहिली, पण ती इफडेफने (सिस्टिम पाहून कोडचे तुकडे निवडणाऱ्या कंपाइलर-सूचनांनी) भरून गेली आहे. पावसाळ्यात वीज गेली की एखादी फाइल शून्य बाइटची सापडते. राइटने तर यश कळवलेले असते. विंडोजवर मराठी नावाच्या फाइल उघडत नाहीत आणि रिनेम अधूनमधून फसतो. यूएसबी-सिरियल अडॅप्टर निघून आला तरी लॉगरला पत्ता लागत नाही. सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) केलेली मागणी, आणि रॅपर म्हणजे त्यावर चढवलेले आपले फंक्शन. ते रॅपर नेमके कुठे आणि किती जाड असावे?

या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे. तुमच्या रॅपरने तिन्हीकडे कॉलचे नाव सारखे केले, पण कॉल परतल्यावर काय खरे असेल याची हमी सारखी केली नाही. म्हणून प्रत्येक फंक्शनसाठी आधी हेडर फाइलमध्ये दोन-तीन वाक्यांत हमी लिहा: यशस्वी परतल्यावर काय झालेले असेल, अपयशी परतल्यावर काय झालेले असू शकते, आणि मध्येच वीज गेली तर काय उरेल. मग प्रत्येक सिस्टिमवर ती हमी पुरी करायला जितके कॉल लागतील तितके लागू द्यात. एके ठिकाणी एक कॉल, दुसरीकडे पाच. तेवढी जाडी रॅपरला असायलाच हवी.

(पुढे कॉलची आणि एररची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; मॅन्युअल उघडलेत की ओळख पटेल.)

आधी कुठे कापायचे ते पाहू. काही जण वेगासाठी किंवा लिबसीचे (सी भाषेच्या मूळ लायब्ररीचे) झंझट नको म्हणून थेट कर्नलला हात घालतात, सिस्टिम कॉलचा आकडा रजिस्टरमध्ये टाकून. हे फक्त लिनक्सवर चालते, कारण यूजरस्पेसला दिलेला हा इंटरफेस मोडायचा नाही हा लिनक्स कर्नलचा नियम आहे. विंडोजवर हे आकडे आवृत्तीगणिक बदलतात. मॅकओएसची स्थिर सीमा लिबसिस्टिम ही सिस्टिम लायब्ररी आहे, तिच्या खालचे काहीच नाही. गो भाषेचा रनटाइम मॅकवर थेट कर्नल कॉल करायचा. २०१६ मध्ये मॅकओएसची सिएरा आवृत्ती आली तेव्हा गेटटाइमऑफडेच्या आतल्या बदलामुळे जुने गो प्रोग्राम कोसळू लागले, आणि २०१८ च्या गो १.११ पासून त्यांनी लिबसिस्टिमचा रस्ता धरला. ओपनबीएसडी तर लिबसीबाहेरून आलेला सिस्टिम कॉल मुद्दाम नाकारते. तेव्हा पॉझिक्सच्या (लिनक्स-मॅकसारख्या सिस्टिमच्या सामाईक मानकाच्या) बाजूला लिबसी आणि विंडोजच्या बाजूला विन३२ (विंडोजची मूळ फंक्शन) ही तुमची तळरेषा. विंडोजवर सी रनटाइमचे ओपन-रीड-राइट वापरू नका. ते विन३२ वर आधीच चढवलेले दुसरे रॅपर आहे: टेक्स्ट मोडमध्ये ते ओळ संपल्यावर जादा बाइट घालते, २६ क्रमांकाचा बाइट दिसला की फाइल संपली असे समजते, आणि खरे एरर कोड गाळते. क्रिएटफाइलडब्ल्यू, रीडफाइल, राइटफाइल हेच पकडा.

इफडेफ फंक्शनच्या पोटात नकोत. एक सामाईक हेडर, आणि प्रत्येक कुटुंबाची आपली फाइल: पॉझिक्स, विंडोज, आणि पॉझिक्समधल्या फरकांसाठी लिनक्स व मॅक या दोन छोट्या फाइल. कोणती कंपाइल व्हायची ते बिल्डने ठरवायचे. एखादी सोय आहे की नाही हे सिस्टिमच्या नावावरून ठरवू नका, त्या सोयीचीच चाचणी करा. आणि कंपाइल झाले म्हणून चालेलच असेही नाही. नव्या मशीनवर बांधलेला प्रोग्राम जुन्या कर्नलवर ईनोसिस (असा कॉलच नाही) हा एरर घेऊन परततो, तेव्हा जुना मार्ग तयार हवा. यादृच्छिक बाइट देणारा गेटरँडम लिनक्स ३.१७ मध्ये, म्हणजे २०१४ साली आला, पण जीलिबसीला (लिनक्सवरच्या नेहमीच्या लिबसीला) त्याचे फंक्शन २.२५ मध्ये, २०१७ साली मिळाले. मधल्या काळात ज्याने नुसते हेडर पाहिले तो फसला. कंटेनरमध्ये आणखी एक खोच आहे. जुने सेककॉम्प प्रोफाइल (कोणते कॉल चालू द्यायचे याची यादी) अनोळखी कॉलला ईनोसिसऐवजी ईपर्म (परवानगी नाही) देते. नव्या कॉलच्या पहिल्याच प्रयत्नात ईपर्म आला तर एकदा जुना मार्ग चालवून बघा, आणि त्यानेही ईपर्म दिला तरच परवानगीचा दोष कळवा.

आता शून्य बाइटची फाइल. तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

राइट यशस्वी परतला म्हणजे बाइट कर्नलच्या पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) पोचले, एवढेच. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये फाइलचे नाव आणि इतर मेटाडेटा जर्नलमध्ये साधारण दर ५ सेकंदांनी पक्का होतो; पण डेटाला डिस्कवर जागा उशिरा दिली जाते, आणि घाण झालेले पान (बदललेले, पण डिस्कवर न गेलेले) नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंदांचे झाल्यावरच लिहायला घेतले जाते. या दोहोंच्या मधल्या खिडकीत वीज गेली की नाव आहे, लांबी शून्य. फाइलसिस्टिमने काहीही चुकीचे केलेले नाही. डेटा पक्का करा असे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

लायब्ररीत दोन वेगळी फंक्शन ठेवा. एकाची हमी: सगळे बाइट कर्नलकडे पोचले. दुसऱ्याची हमी: आता वीज गेली तरी हे उरेल. दोन्ही एकात मिसळले की कोणीतरी वेगासाठी सिंक काढून टाकतो आणि ते महिनोन्‌महिने कळत नाही.

पहिल्या फंक्शनमध्ये लूप हवाच. राइट मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहून परतू शकतो आणि तो एरर नसतो. एका कॉलची कमाल मर्यादाही आहे. लिनक्सवर ती २,१४७,४७९,५५२ बाइट. मॅकवर ३२ बिट पूर्णांकात न मावणारा आकडा दिला तर ईइनव्हल (चुकीचे मूल्य) येतो. विंडोजच्या राइटफाइलला लांबी ३२ बिटांतच द्यावी लागते. प्रत्येक फेरीत १ जीबीपेक्षा जास्त मागूच नका म्हणजे तिन्हीकडचा प्रश्न मिटतो.

दुसरे फंक्शन लिनक्सवर एफसिंक किंवा एफडेटासिंक, म्हणजे फाइल डिस्कवर पक्की करायला सांगणारे कॉल. एफडेटासिंक बदलाची वेळ सोडून देते, पण फाइल वाढली असेल तर नवी लांबी पक्की करते, म्हणून लॉगला ते पुरते. मॅकवर एफसिंक डेटा ड्राइव्हपर्यंत पोचवतो, पण ड्राइव्हच्या आतला कॅश रिकामा करत नाही. त्यासाठी एफसीएनटीएलला एफ_फुलएफसिंक सांगावे लागते, आणि ते ज्या फाइलसिस्टिमला येत नाही तिथे एरर मिळाल्यावर साध्या एफसिंककडे यावे लागते. मग हमी कमी झाली हे परतीच्या कोडमध्ये दिसू द्या, लपवू नका. विंडोजवर फ्लशफाइलबफर्स, हँडल लिहिण्याच्या परवानगीने उघडलेले नसेल तर तो नकार देतो.

एफसिंकनेच ईआयओ (लिहिणे-वाचणे फसल्याचा एरर) दिला तर? पुन्हा एफसिंक करून बघू हा विचार घातक आहे. लिनक्सवर लिहिणे फसलेली पाने कर्नल स्वच्छ म्हणून खूण करू शकते. मग दुसरा एफसिंक आनंदाने यश कळवतो आणि डेटा कुठेच नसतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांना हे उमगले, आणि त्यानंतर त्यांचा सर्व्हर एफसिंक फसला की सरळ थांबतो व जर्नलमधून पुन्हा उभा राहतो. तुमच्या लॉगरने शेवटच्या यशस्वी सिंकनंतरच्या नोंदी मेमरीत धरून ठेवाव्यात. एरर आला की ती फाइल सोडून द्यावी आणि त्या नोंदी नव्या फाइलमध्ये लिहाव्यात. मिनिटाला एक नोंद या गतीने हा साठा काही किलोबाइटचाच होतो.

फाइल बदलण्याची सुरक्षित पद्धत पॉझिक्सवर अशी: त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल उघडा (दुसऱ्या डिस्कवर असली तर रिनेम ईएक्सडेव्ह देतो), पूर्ण लिहा, एफसिंक करा, क्लोज करून त्याचाही निकाल तपासा, रिनेम करा, आणि मग डिरेक्टरी उघडून तिच्यावर एफसिंक करा. ही शेवटची पायरी बहुतेकांकडून राहते. ती नसेल तर फाइलचा मजकूर पक्का असतो, पण नव्या नावाची नोंद पक्की नसते. विंडोजवर मूव्हफाइलएक्सडब्ल्यूला रिप्लेस-एक्झिस्टिंग आणि राइट-थ्रू हे दोन्ही फ्लॅग द्या. मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज तिथे अटॉमिक (एक तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही अशा) बदलाचे लेखी आश्वासन देत नाहीत, म्हणून तुमच्या हेडरमध्येही ते देऊ नका.

रिनेम अधूनमधून फसतो त्याचे कारण इथेच आहे. नवी फाइल दिसताच अँटिव्हायरस किंवा सर्च इंडेक्सर ती उघडतो, आणि त्याने डिलीट-शेअरिंग दिलेले नसेल तर तुमचा रिनेम ३२ (शेअरिंग व्हायोलेशन) किंवा ५ (ॲक्सेस डिनाइड) देतो. काही मिलिसेकंदांनी तोच कॉल चालतो. या दोन कोडवर, आणि फक्त याच दोनवर, १० मिलिसेकंदांपासून दुप्पट करत एकूण दोनेक सेकंद प्रयत्न करा आणि मग खरा एरर वर पाठवा. अमर्याद प्रयत्न नकोत. ५ हा कोड खऱ्या परवानगीच्या अडचणीसाठीही येतो. तुमच्या स्वतःच्या सगळ्या क्रिएटफाइलडब्ल्यू कॉलमध्ये रीड, राइट व डिलीट हे तिन्ही शेअर फ्लॅग घाला, नाहीतर तुमचेच दोन थ्रेड एकमेकांना अडवतील.

लॉगसाठी मात्र रिनेमची गरजच नाही. शेवटी जोडत जायची फाइल ठेवा. प्रत्येक नोंदीत लांबी, अनुक्रमांक, मजकूर आणि सीआरसी-३२ (मजकूर बिघडला का ते ओळखणारी बेरीज). सुरू होताना फाइल वाचत जा, पहिली न जुळणारी नोंद आली की तिथून पुढचे कापून टाका. अर्धवट नोंद मग संकट राहत नाही, साधी रीत होते. एक इशारा द्यायलाच हवा: स्वस्त एसडी कार्ड एफसिंकला हो म्हणून आतमध्ये अजून लिहीतच असते, आणि त्या क्षणी वीज गेली तर शेजारचा जुना डेटाही बिघडू शकतो. यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. बोर्डाला दोन-तीन सेकंद धरणारा सुपरकपॅसिटर आणि वीज गेल्याची खूण बोर्डाच्या जीपीआयओ पिनवर लावा. गोव्याच्या पावसाळ्यात हा खर्च वाया जात नाही.

आता मराठी नावे. विंडोजच्या ए-अक्षराने संपणाऱ्या फंक्शनांत नाव सिस्टिमच्या एएनएसआय कोडपेजमधून जाते. देवनागरीसाठी असे कोडपेज नाहीच; विंडोजमध्ये मराठी ही फक्त युनिकोडवर चालणारी लोकेल आहे. त्यामुळे तुमच्या यूटीएफ-८ नावाचे बाइट एक तर भलत्याच लॅटिन अक्षरांत वाचले जातात, नाहीतर आधी रूपांतर केले असेल तर प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होते. आणि प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नसल्याने १२३ हा एरर मिळतो. उपाय ठरलेला आहे. लायब्ररीच्या सीमेवर यूटीएफ-८ घ्या, मल्टिबाइटटूवाइडकॅरने चुकीच्या बाइटवर एरर देणारा फ्लॅग लावून यूटीएफ-१६ करा, आणि डब्ल्यूने संपणारी फंक्शन वापरा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामला जोडलेल्या सेटिंगच्या फाइलमध्ये) यूटीएफ-८ कोडपेज मागता येते, पण मॅनिफेस्ट प्रोग्रामचे असते. लायब्ररीने त्याच्या भरवशावर राहू नये. उलट दिशेला लिनक्सवर नाव म्हणजे शून्य आणि तिरकी रेघ सोडून कोणतेही बाइट. ते वैध यूटीएफ-८ असेलच असे नाही, म्हणून तिथे तपासणी करून फाइल नाकारू नका.

एक उदाहरण जवळून पाहा. फाइलचे नाव ‘वाऱ्याचा वेग’. यातला ऱ हा एकच कोडपॉइंट असू शकतो, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट. किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन, मिळून ६ बाइट. मॅकची जुनी एचएफएस+ फाइलसिस्टिम नाव साठवताना दुसऱ्या रूपात मोडून ठेवते. तुम्ही पहिल्या रूपात फाइल बनवली तरी डिरेक्टरी वाचताना दुसरे रूप हाती येते. नवी एपीएफएस दिलेले रूप जपते पण शोधताना दोन्ही एकच मानते. लिनक्सवर ती दोन वेगळी नावे आहेत, आणि एकाच डिरेक्टरीत डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फाइल सुखाने नांदतात. भरीस भर, काही कीबोर्ड तेच जोडाक्षर र, हलन्त, झिरो-विड्थ जॉइनर आणि य असे टाइप करतात. हे तिसरे रूप युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही पहिल्याशी जुळत नाही. म्हणून रॅपरने नावाला हात लावू नये, जसे आले तसे न्यावे. तुलना करणाऱ्या वरच्या थराने एनएफसी (युनिकोडचे जोडलेले प्रमाणरूप) करून घ्यावी. आणि लॉगरने स्वतः बनवायच्या फाइलना केंद्राचा क्रमांक आणि तारीख एवढेच साधे नाव द्यावे, मराठी नाव आतल्या मजकुरात ठेवावे. लांबीचाही विचार करा: ईएक्सटी४ मध्ये नाव २५५ बाइटचे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ कोडपॉइंट, काना-मात्रा धरून, विंडोजच्या एनटीएफएसमध्ये २५५ यूटीएफ-१६ एकके. विंडोजवर ठरलेले नाव लिनक्सवर मावेलच असे नाही.

सिरियल पोर्टवर तर नावे जुळणारे फसवे साम्य सर्वांत जास्त आहे. टर्मिऑसमध्ये (पॉझिक्सवरच्या सिरियल सेटिंगमध्ये) व्हीमिन ०, व्हीटाइम १० ठेवले तर एक सेकंदात काही न आल्यास रीड शून्य परततो. अडॅप्टर निघून हँगअप झाल्यावरही रीड शून्यच परततो. तुमच्या लॉगरला ‘सेन्सर गप्प आहे’ आणि ‘पोर्ट गेले’ यांतला फरक कळत नाही तो यामुळे. पोर्ट नॉन-ब्लॉकिंग ठेवा, आधी पोल करा (डेटा तयार आहे का ते विचारणारा कॉल). टाइमआउट असेल तर पोलच शून्य परततो. पोलने तयार म्हटले आणि रीड शून्य आला, किंवा पोलहप वा पोलएर दिसला, किंवा रीडने ईआयओ दिला, की पोर्ट गेले समजून बंद करा आणि पुन्हा शोधा. खाऱ्या हवेत यूएसबी कनेक्टरचे संपर्क गंजून क्षणभर सुटणे हे इथे रोजचेच, तेव्हा हा मार्ग नीट चाचणी करून ठेवा.

विंडोजवर तीच हमी मिळवायला कॉमटाइमआउट्समध्ये एक खास जुळणी आहे: इंटरव्हल आणि टोटल-मल्टिप्लायर दोन्ही मॅक्सडीवर्ड, आणि कॉन्स्टंट म्हणजे हवे तेवढे मिलिसेकंद. मग रीडफाइल काही बाइट असतील तर लगेच परततो, नसतील तर पहिल्या बाइटची तेवढा वेळ वाट पाहतो. हे सेट केले नाही तर आधीच्या प्रोग्रामने पोर्टवर ठेवलेले आकडे लागू राहतात, आणि ‘माझ्याकडे चालते, त्याच्याकडे अडकते’ हा खेळ सुरू होतो. कॉम१० पासून पुढच्या पोर्टना नावाआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, टिंब आणि आणखी एक उलटी रेघ लागते. नऊपर्यंतही ती चालते, म्हणून सरसकट लावा. मॅकवर टीटीवायने सुरू होणारे नाव कॅरियरची वाट बघत ओपनमध्येच अडकते, सीयूने सुरू होणारे वापरा.

टर्मिऑसला पूर्ण रॉ करा, सीएफमेकरॉने. आयसीआरएनएल राहिला तर १३ हा बाइट १० होतो. आयएक्सऑन राहिला तर १७ आणि १९ हे बाइट गायबच होतात. सेन्सर ज्या मॉडबस पद्धतीने बोलतात तिच्या चौकटीत (एका निरोपात) हे आकडे कधीतरीच येतात, म्हणून खारटपणाच्या ठरावीक मूल्यांनाच सीआरसी चुकतो आणि दोष सेन्सरवर ढकलला जातो. चौकट संपली हे ३.५ अक्षरांच्या शांततेवरून ओळखायचा मोह टाळा: ९६०० बॉडला ती शांतता सुमारे ४ मिलिसेकंद, व्हीटाइमचे एकक १०० मिलिसेकंद, आणि एफटीडीआयच्या अडॅप्टरचा मूळ लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंद. फंक्शन कोडवरून अपेक्षित लांबी काढा, तेवढे बाइट जमवा.

ईइंटरबद्दल (सिग्नलने कॉल मध्येच तोडल्याचा एरर) लायब्ररीत एकच धोरण ठेवा. रीड आणि राइटमध्ये तो गिळून पुन्हा कॉल करा. पायथननेही २०१५ च्या ३.५ पासून हेच केले. जिथे टाइमआउट आहे तिथे तेवढाच टाइमआउट पुन्हा देऊ नका. सुरुवातीला मुदतीची वेळ काढून ठेवा आणि दर फेरीला उरलेला वेळ मोजा, नाहीतर नियमित येणारा सिग्नल तुमचा पोल कायमचा लांबवेल. कनेक्टला ईइंटर आला तर जोडणी मागे चालूच असते. पुन्हा कनेक्ट न करता लिहिण्यायोग्य होईपर्यंत पोल करा आणि एसओ_एरर वाचा. क्लोज कधीच पुन्हा करू नका. लिनक्सवर ईइंटर आला तरी डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा आकडा) सुटलेला असतो, आणि मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडला तोच आकडा मिळाला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल. असा दोष पुन्हा घडवून दाखवणे महाकठीण.

एररचा तपशील जपून ठेवा. तीन गोष्टी एकत्र: तुमचा सामाईक प्रकार, मूळ कोड जसाच्या तसा, आणि कोणता कॉल फसला त्याचे नाव. प्रकार दहा-बारा पुरेत. एररनो किंवा गेटलास्टएरर कॉलनंतर लगेच, दुसरे काहीही करण्याआधी वाचा. लॉग छापणे किंवा मेमरी सोडणे यानेही तो बदलू शकतो; फ्रीने एररनो जपावा ही सोय जीलिबसीत २.३३ पासूनच आहे. विंडोजवरचे २ आणि ३ दोन्ही ‘सापडले नाही’ मध्ये जातात, पण मूळ आकडा असला तर फाइल नव्हती की वाटेतली डिरेक्टरी नव्हती हे कळते. स्ट्रएरर_आर जपून वापरा: जीलिबसीची मूळ पद्धत पॉइंटर परतवते, पॉझिक्सची पूर्णांक, आणि कोणती मिळेल ते मॅक्रोवर ठरते.

तुमच्या बोर्डासाठी दोन कंपाइल फ्लॅग आजच लावा. फाइल_ऑफसेट_बिट्स ६४ आणि टाइम_बिट्स ६४. दुसरा पहिल्याशिवाय चालत नाही आणि त्याला जीलिबसी २.३४ लागते, शिवाय कर्नल ५.१ किंवा त्यापुढचा हवा. पहिला नसेल तर २ जीबीची फाइल ईओव्हरफ्लो (आकडा मावत नाही) देते. दुसरा नसेल तर १९ जानेवारी २०३८ ला घड्याळ उलटते, आणि मानशीजवळ बसवलेली उपकरणे तोवर चालू असण्याची शक्यता चांगलीच आहे. हे फ्लॅग लायब्ररी आणि तिला वापरणारा प्रोग्राम दोन्हीकडे सारखे हवेत. म्हणून सार्वजनिक हेडरमध्ये ऑफ_टी किंवा टाइम_टी ठेवूच नका, सरळ ६४ बिट पूर्णांक ठेवा. अंतर मोजायला मोनोटॉनिक घड्याळच: बॅटरीवरचे आरटीसी घड्याळ नसलेला बोर्ड वीज आल्यावर जुनी वेळ घेऊन उठतो आणि नेटवर्कवरून एनटीपीची वेळ मिळाली की एकदम उडी मारतो. लिनक्सचे क्लॉक_मोनोटॉनिक झोपेतला वेळ मोजत नाही, मॅकचे मोजते. फरक नको असेल तर लिनक्सवर क्लॉक_बूटटाइम घ्या.

बाकीचे भराभर. प्रत्येक ओपनला ओ_क्लोएक्झेक द्या, म्हणजे नव्याने सुरू केलेल्या प्रोग्रामकडे डिस्क्रिप्टर जात नाही. नंतर एफसीएनटीएलने लावला तर मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडचा फोर्क डिस्क्रिप्टर घेऊन जातो. मॅकवर पाइप२ नसेल तिथे ही फट लायब्ररीच्या आतल्या लॉकने झाका. विंडोजचे फाइल हँडल मुळातच वारशाने जात नाही, म्हणून सगळीकडे तोच मूळ नियम ठेवा. सॉकेट आणि फाइल हे दोन वेगळे टाइप करा: विंडोजवर सॉकेटला क्लोजहँडल चालत नाही आणि त्याचा एरर डब्ल्यूएसए-गेटलास्टएररमध्ये असतो. तुटलेल्या जोडणीवर लिहिताना लिनक्सवर एमएसजी_नोसिग्नल, मॅकवर एसओ_नोसिगपाइप. सिलेक्ट टाळा, १०२४ किंवा त्यापुढचा डिस्क्रिप्टर तिथे शेजारची मेमरी बिघडवतो. एममॅपचे (फाइल मेमरीत जोडणाऱ्या कॉलचे) पान ४०९६ बाइट गृहीत धरू नका: ॲपल सिलिकॉनवर ते १६,३८४ आहे, आणि विंडोजवर मॅपिंगची सुरुवात ६५,५३६ च्या पटीत लागते. फाइल लॉकसाठी लिनक्सवर ओएफडी लॉक (उघडलेल्या फाइलशी बांधलेले) घ्या, कारण जुना एफसीएनटीएल लॉक त्याच प्रोसेसने त्या फाइलचा कोणताही डिस्क्रिप्टर बंद केला की सुटतो. आणि प्रत्येक टाइपमधून मूळ हँडल काढून देणारे एक फंक्शन ठेवा. सगळे झाकायचा हट्ट धरलात तर वापरणारा तुमच्याखालून सुरुंग लावतो.

लिबयूव्हीसारखी सर्व सिस्टिमवर चालणारी तयार लायब्ररी घ्यावी का? नेटवर्क आणि इव्हेंट लूपसाठी जरूर घ्या. सिरियल पोर्ट आणि वीज गेल्यावरची हमी मात्र तुम्हालाच लिहावी लागेल.

चाचणीत नेहमीचा यशस्वी मार्ग पुरत नाही. एस-ट्रेस या सिस्टिम कॉल टिपणाऱ्या साधनाच्या इंजेक्ट पर्यायाने तिसऱ्या राइटला ईइंटर, एफसिंकला ईआयओ, ओपनला ईपर्म असे दोष मुद्दाम घाला आणि प्रत्येकाला लायब्ररी काय परतवते ते ताडून पाहा. लिनक्सच्या डेव्ह-फुल या नकली फाइलवर लिहिले की जागा संपल्याचा एरर फुकट मिळतो. एसडी कार्डाच्या प्रतीवर डीएम-फ्लेकी (डिस्क मुद्दाम बिघडल्यासारखी वागवणारी लिनक्सची सोय) लावून लिहिणे गाळून टाका. शेवटी खरा बोर्ड घ्या, त्याच्या पुरवठ्यावर रिले बसवा, आणि लिहिणे चालू असताना यादृच्छिक क्षणी वीज तोडा. हे रात्रभर चालू द्या. प्रत्येक वेळी बोर्डाने सिंकनंतर सिरियलवर छापलेला शेवटचा अनुक्रमांक दुसऱ्या मशीनवर नोंदवा आणि उठल्यावर फाइलमध्ये निदान तिथपर्यंतच्या नोंदी सीआरसीसह आहेत का ते पाहा. एकही कमी भरली तर आधी कार्ड बदलून तीच चाचणी करा. दुसऱ्या जातीच्या कार्डावरही नोंद हरवत असेल तर दोष कोडमध्ये आहे, आणि बहुतेक वेळा तो डिरेक्टरीवरच्या राहिलेल्या एफसिंकचा असतो.